बावन्न किलो

काट्यावर दोघंही बावन्न भरले.
नागपूरचे सर्जन येतात तो महिन्यातला एकच मंगळवार,
सिंदेवाहीच्या दवाखान्यात त्या दिवशी
जनरेटरला डिझेल असतं.
दोघांच्याही पित्ताशयात खडे.
कुपी एकाच खोक्यातल्या,
वजनाच्या हिशेबानं भरलेली सिरिंज
दोन्ही वेळा तेवढीच पांढरी, दुधासारखी.

ताराचंद गुरनुले तीस वर्षं दंडारीत रावण झाला.
रात्र रात्र उभा राहणारा माणूस.
शंभरपासून उलटं म्हणा, म्हटलं
तर अठ्ठ्याण्णवला
तोंड उघडंच राहिलं,
पुढचं वाक्य विसरल्यासारखं.

मग पारबता निकुरे.
"भुलनवेलीचं औषध का जी हे?"
मोहाची घेता का, मी विचारलं.
कागदावर तो रकाना असतो.
"माह्या घरात वासबी नाही, बाई."
आकडे ती विसांनी मोजायची.
चार इसा अन् एकोनीस,
चार इसा अन् अठरा,
असं उतरत उतरत
तीन इसांत आली
तरी पापणी हलत होती.
सिरिंज रिकामी. मी अजून थोडं दिलं.

पुस्तकात याला व्यक्तिगणिक फरक म्हणतात
आणि पान संपतं.

एका परिषदेत पडद्यावर मेंदू पाहिला होता,
नुसते धागे, इकडून तिकडे.
सांगणारा म्हणाला, भुलीनं दिवे विझत नाहीत,
त्यांचं आपसातलं बोलणं तुटतं.
बाकीचे टिपणं काढत होते. मला आमच्या गावचे तलाव दिसले.
बाबा पाटकरी होते.
सात तलाव, एकाचं पाणी दुसऱ्यात,
बाबांनी फळी टाकली की पाट कोरडा.
तलाव भरलेलेच, मासे होते तिथं,
फक्त वरच्या पाण्याला खालच्याची खबर नाही.
मीही तेच करते. फळी टाकते.
पण एखाद्या पाळीत
खेकड्यानं पाडलेलं बीळ असतं.
बाबा उन्हाळाभर काठीनं पाळ ठोकत फिरायचे,
बीळ सापडायचं नाही,
खालची बांधी मात्र ओली.

दुसऱ्या दिवशी वॉर्डात
ताराचंद विचारत होता, ऑपरेशन कधी आहे?
पारबताबाई पेज पीत होती.
म्हणाली, मोठ्या डॉक्टरनं चहा मागतला, साखर कमी.
सिस्टरच्या पोरीचं बारावीचं सेंटर मूलले आलं.
"अन् खडे सात निघाले ना जी?
भांड्यात पडले तसे मोजले मी."

सातच होते.

दुखलं का, एवढंच मला विचारता आलं.
"नाही. लांब कोठंतरी
कोनी धान झोडपून रायलं, तसं."

वीस वर्षं तिनं धानाची जागल केली होती,
डुकरांसाठी एक कान उघडा ठेवून झोपली होती.
हेच कारण, असं लिहावंसं वाटलं. लिहिलं नाही.
जागल तर ताराचंदनंही केली,
गॅसबत्तीच्या उजेडात, दहा तोंडं सांभाळून.

"मग बोट तरी हलवायचं, पारबताबाई," म्हणून गेले
आणि जीभ चावली.
बोटं मीच बांधली होती, दुसऱ्या औषधानं.

तिनं पेजेची वाटी खाली ठेवली.
"तुमी कानाशी येऊन म्हनत होत्या,
झोपा, पारबताबाई, झोपा आता.
येवढ्या मायेनं म्हनत होत्या.
मनलं, बाईचा मान राखाव.
मंग झोपल्यावानी केलं."

केसपेपरवर लाल शाईनं लिहिलं,
पुढच्या भुलीच्या वेळी सावध राहावे.
कुणी, ते लिहायचं राहिलं.